प्लग बदलून बदलून थकलात? ठिणगी नक्की कुठं अडतेय ते बघू

मागच्या पावसाळ्यात आमच्या तात्यांच्या मोटरसायकलला दीड महिन्यात तीन प्लग टाकले, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे स्पार्क प्लग. तिन्ही नवे, तिन्ही ओरिजिनल, आणि तिन्ही वेळेला तेच, आठ-दहा दिवस गाडी छान चालायची आणि परत यवतेश्वरच्या घाटात वरच्या वळणाला भर पावसात बंद. तात्या बासष्टचे, लेक दिलीय बामणोलीकडं, त्यामुळं कासचा रस्ता त्यांना चुकत नाही, आणि त्या धुक्यात, अंगावर इरलं-रेनकोट घेऊन गाडी ढकलत खाली आणायची म्हणजे काय असतं ते ज्यानं ढकललीय त्यालाच माहीत. शेवटी बिघाड निघाला प्लगच्या वर बसते त्या टोपीत, शंभर रुपयांच्या आतली वस्तू. प्लगला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

तेव्हापासून मनात होतं की हे एकदा नीट लिहायचं. आणि आता तर पेट्रोलमधल्या इथेनॉलचा विषय निघालाय, साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाला थांबलं की कोण ना कोण सांगतंच, "हे नवीन पेट्रोल आल्यापासून प्लग टिकंनात." यात खरं किती ते पुढं बघू, पण आधी ठिणगी पडते कशी ते समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर सगळं अंदाजपंचेच राहतं.

१२ व्होल्टचे २० हजार कसे होतात

गाडीची बॅटरी असते १२ व्होल्टची. प्लगच्या टोकाला दोन धातूचे तुकडे असतात, मधला आणि बाजूनं वाकवलेला, आणि दोघांत फट असते, बहुतेक गाड्यांत ०.७ ते ०.९ मिलिमीटर. या फटीला गॅप म्हणायचं. १२ व्होल्टला ही फट ओलांडणं जमत नाही, त्याला हजारो व्होल्ट लागतात, दहा हजार, वीस हजार, कधी त्याहून जास्त. मग ते आणायचे कुठनं?

शेतात पाइपनं पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कमी येतं पण लांब उडतं, बरोबर? एचटी कॉइल (एचटी म्हणजे हाय टेन्शन, जास्त व्होल्टेज) हेच करते. आत तांब्याच्या तारेचे दोन गुंडाळे असतात, एक थोड्या वेढ्यांचा आणि एक हजारो वेढ्यांचा, पहिल्यात करंटचा झटका दिला की दुसऱ्यात व्होल्टेज प्रचंड वाढून निघतं, करंट मात्र अगदी थोडा.

आता हा झटका द्यायचं काम सीडीआयचं. नाव मोठं आहे, कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन, पण काम हौदासारखं. बारीक नळानं हौद भरायचा, आणि योग्य क्षणी खालचं बूच काढून सगळं पाणी एकदम सोडायचं. त्या हौदात दोन-तीनशे व्होल्ट साठतात आणि ते एका झटक्यात कॉइलमध्ये जातात. आणि योग्य क्षण कुठला हे सांगते पिकअप कॉइल, मेस्त्री लोक पल्सर कॉइल पण म्हणतात. मॅग्नेटच्या चाकावर एक उंचवटा असतो, तो समोरनं गेला की ती इशारा देते. बैलगाडा शर्यतीत झेंडा पाडणारा असतो ना, तसं. झेंडा पडलाच नाही तर बैल कितीही तयारीचे असले तरी जागचे हलणार नाहीत.

इंजिन सहा हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर, असताना हे सगळं सेकंदाला निदान ५० वेळा होतं. पूर्वी बुलेट, राजदूतला यासाठी पॉइंट असायचे, म्हणजे उघडमीट करून करंट तोडणारे धातूचे तुकडे, ते घासून घासून साफ करावे लागायचे, आपल्या वडीलधाऱ्यांच्या खिशात त्यासाठी पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. सीडीआयला घासण्यासारखं काही नाही, ही मोठीच सोय झाली. पण त्यामुळंच झालंय असं की आत काय चाललंय हे आता कुणी बघत नाही, थेट प्लग बदलायचा.

पाट फुटला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही

ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धं काम झालं.

कॉइलमधनं निघालेलं व्होल्टेज जाड काळ्या वायरनं टोपीत येतं, टोपीतनं प्लगमध्ये, आणि प्लगच्या टोकाला फट ओलांडून इंजिनच्या बॉडीत. पण करंटला फटच ओलांडायची हौस नसते, त्याला सगळ्यात सोपी वाट हवी असते. पाट कुठं उंदरानं पोखरला असेल तर पाणी तिथनंच जातं, शेवटचा वाफा कोरडाच. तसं टोपीला बारीक चीर असली आणि त्यात पावसाचं पाणी गेलं, किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर काजळी बसली (काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधनं करंट वाहतो), तर करंट त्याच वाटेनं बॉडीत उतरतो आणि फटीत ठिणगी पडत नाही, किंवा पडते पण मरतुकडी.

आता घाटातच का बंद पडायची? सपाटीला, कमी रेसवर, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल कमी शिरतं. घाटात रेस पूर्ण दिली की सिलिंडर गच्च भरतो, आणि पिस्टन तेवढी सगळी हवा नऊ-दहा पट दाबतो. दाट हवेतनं ठिणगीला वाट काढायला जास्त व्होल्टेज लागतं. पालीच्या यात्रेत मोकळ्या मैदानातनं चालणं वेगळं आणि देवळासमोरच्या गर्दीतनं पुढं सरकणं वेगळं, तसं. म्हणजे फटीतली वाट अवघड झाली, आणि टोपीतली चीर आहे तेवढीच सोपी राहिली. मग करंट चिरेतनं जाणार. म्हणून अशक्त इग्निशन आधी खंबाटकीला, पसरणीला, यवतेश्वरला उघडं पडतं. गावात फिरवून "गाडी ओके आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही.

आणि नवीन प्लग टाकल्यावर आठ दिवस का चालायची? नव्या प्लगच्या कडा धारदार असतात, गॅप बरोबर असते, चिनी माती स्वच्छ असते, त्यामुळं त्याला व्होल्टेज कमी पुरतं. शिवाय प्लग बदलताना टोपी काढली जाते, पुसली जाते, घट्ट बसवली जाते. म्हणजे बरं वाटत होतं त्यातलं निम्मं श्रेय टोपी पुसण्याचं होतं! हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण पहिल्याच वेळी कुणी टोपी उजेडात धरून बघितली असती तर पुढच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

पाना हातात घ्यायच्या आधी

हे बारकं वाटतं पण मेस्त्रीकडं येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं इथंच असतं. हँडलवरचा किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, लाल बाजूला गेलाय का, पोरं खेळता खेळता दाबून ठेवतात. साइड स्टँड खाली आहे का, नव्या गाड्या स्टँड खाली असला की चालूच होत नाहीत किंवा गिअर टाकल्याबरोबर बंद पडतात. टाकीत पेट्रोल आहे का, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद नाही ना. हॉर्न नीट वाजतोय का, त्यावरनं बॅटरीत दम आहे का ते कळतं.

बॅटरीचं जरा सविस्तर सांगतो. काही गाड्यांत सीडीआय थेट मॅग्नेटवर चालतं, बॅटरी मेली तरी किकवर गाडी चालू होते. पण बऱ्याच गाड्यांत सीडीआय बॅटरीवर चालतं. चांगली भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल्फ मारताना ती नऊ-साडेनऊच्या खाली घसरत असली तर सेल्फ कण्हत कण्हत फिरेल पण ठिणगीला काही उरणार नाही. अशी गाडी सेल्फवर पेटत नाही आणि ढकलून पटकन चालू होते. लोक म्हणतात प्लग गेला. प्लग नाही, बॅटरी.

प्लग ओला निघाला की कोरडा?

इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा, गरम इंजिनात प्लगवर जोर लावू नका, हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे निघून येतात. आधी प्लगच्या बुडाशी साठलेली माती फुंकून किंवा हवा मारून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

दहा-पंधरा किका मारून झाल्यात, चालू झाली नाही, प्लग काढला आणि टोकाला पेट्रोलचा वास आणि ओल असली तर पेट्रोल येतंय आणि ठिणगी पडत नाहीय. प्लग कोरडा ठणठणीत असला तर ठिणगीच्या मागं लागण्यात अर्थ नाही, पेट्रोलच पोचत नाहीय, कार्बोरेटर, कॉक, पाइप, फिल्टर बघा. एवढी एक गोष्ट बघितली तरी तपासाची दिशा ठरते.

ओला असला तर तो पुसून सुकवा, चोक बंद ठेवा, रेस पूर्ण उघडी धरून प्लगशिवाय चार-पाच किका मारून आतलं पेट्रोल बाहेर जाऊ द्या (टोपी त्या वेळी कशी ठेवायची ते खाली सांगितलंय, ते वाचल्याशिवाय हे करू नका). गाडी नुसती ओव्हर झाली असेल, म्हणजे आत पेट्रोल जास्त गेलं असेल, तर एवढ्यानं चालू होते.

प्लगचं तोंड वाचता येतं

फिकट तपकिरी, चहाच्या दुधाळ रंगासारखं, म्हणजे सगळं ठीक. आजकालच्या पेट्रोलवर ते अजून फिकट दिसतं, घाबरायचं कारण नाही.

कोरडी काळी काजळी, बोटाला लागणारी: पेट्रोल जास्त जळतंय किंवा ठिणगी अशक्त आहे. एअर फिल्टर तुंबलाय का बघा, ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर एवढी धूळ असते की मॅन्युअलमधल्या मुदतीच्या आधीच तो भरतो. चोक अर्धवट ओढलेला राहतो. आणि एक कारण कुणी सांगत नाही, गाडी फक्त घर ते दूध डेअरी, एक-दीड किलोमीटर, रोज. प्लगला स्वतःची काजळी जाळायला साधारण ४५० ते ५०० डिग्री तापावं लागतं, एवढ्या अंतरात तो तापतच नाही. अशा गाडीला आठवड्यातनं एकदा दहा-पंधरा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर न्या, बराच फरक पडतो.

ओलं, काळं, तेलकट: ऑइल जळतंय. पिस्टन रिंग झिजल्यात किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. इथं प्लग बदलणं म्हणजे गळक्या छपराखाली रोज नवी बादली ठेवण्यासारखं आहे, इंजिनचं काम काढावंच लागणार.

पांढरंफटक, टोकाला फोड आल्यासारखं: इंजिन जास्त तापतंय. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, किंवा प्लगच चुकीचा. प्लग ८५० डिग्रीच्या पुढं गेला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवायला लागतो आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत वेळ येऊ शकते. हे अंगावर काढू नका.

चुकीचा प्लग हा प्रकार आपल्याकडं लय चालतो कारण दुकानात "ह्याच्यातच बसतो की" म्हणून दुसऱ्याच नंबरचा दिला जातो. आटे सारखे असले म्हणून प्लग सारखा होत नाही. प्लग किती उष्णता बाहेर सोडतो त्यावर त्याचा नंबर ठरतो, आणि गंमत अशी की एनजीकेमध्ये नंबर मोठा म्हणजे प्लग जास्त थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, नंबर मोठा म्हणजे जास्त गरम. त्यामुळं कंपनी बदलून तोच आकडा मागितला तर भलताच प्लग हातात येणार. नंबरात आर अक्षर असलं तर ते पण सोडू नका, त्याचा अर्थ आत रेझिस्टर आहे, तो नसला तर इंजेक्शनच्या गाडीचं (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी गाडी) कॉम्प्युटर गडबडू शकतं.

"पण बाहेर काढून बघितला, ठिणगी मस्त येते की!"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. वर घाटाचं सांगितलं तेच इथं लागू होतं. बाहेर हवा मोकळी आहे, तिथं दोन-तीन हजार व्होल्टमध्ये पण ठिणगी पडते. आत दाबलेल्या हवेत त्याच्या कितीतरी पट लागतात. बाहेर ठिणगी नसली तर दोष नक्की आहे, पण बाहेर ठिणगी आहे म्हणून आत पडतेच असं अजिबात नाही.

त्यापेक्षा ठिणगीचा रंग आणि आवाज बघा. जाड, निळसर-पांढरी, टक टक ऐकू येणारी असली तर बरी. पिवळी-लालसर, बारीक, कधी येते कधी नाही अशी असली तर अशक्त. सहा मिलिमीटरची फट असलेला स्पार्क टेस्टर मिळतो, महाग नसतो, तेवढी फट ठिणगीनं ओलांडली तर कॉइल दमदार आहे असं बिनधास्त समजा. चार घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

बघायची रीत. दुसरा एखादा जुना चांगला प्लग टोपीत घाला, त्याची लोखंडी बाजू इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, रंगावर नको, आणि प्लगच्या भोकापासून लांब, कारण किक मारली की त्या भोकातनं पेट्रोलची वाफ फुसकन बाहेर येते आणि ठिणगी जवळ असली तर भडका उडतो. भोकावर स्वच्छ फडकं दाबून ठेवा. टोपी हातात धरायची नाही, रबरी मूठ असलेल्या पकडीनं धरा. हा झटका साधा नसतो, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलाय त्यांनी तर जवळ पण थांबू नये.

आणि टोपी नुसती हवेत लोंबकळत ठेवून किक किंवा सेल्फ मारायचा नाही, कधीच नाही. त्या व्होल्टेजला बाहेर जायला वाट सापडली नाही की ते कॉइलच्या आतलं आवरण फोडून वाट काढतं, आणि मग शंभराच्या कामाचं हजाराचं काम होतं. प्लगशिवाय किक मारताना टोपीत प्लग घालून बॉडीला टेकवलेलाच पाहिजे.

दोन प्लगची गाडी असेल तर दोन्ही बघा. बजाजनं २००३ मध्ये पल्सरला डीटीएसआय आणलं तेव्हापासून एका सिलिंडरला दोन प्लगच्या गाड्या आपल्याकडं भरपूर आहेत, आणि त्यातला एक मेला तरी गाडी चालत राहते, फक्त ओढ कमी होते आणि मायलेज पडतं, त्यामुळं महिनोनमहिने कळत नाही.

आता प्लगपासून मागं मागं जायचं

ठिणगी नाही, किंवा अशक्त आहे, आणि प्लग चांगला आहे. मग क्रम असा: टोपी, वायर, कॉइल, कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे सॉकेट) आणि स्विच, पिकअप, आणि सगळ्यात शेवटी सीडीआय. प्रत्यक्षात लोक उलटं करतात, आधी सीडीआय बदलतात, कारण ते काळं डबडं आहे आणि आत काय आहे दिसत नाही.

टोपी वायरवरनं उलटी फिरवत काढली की बऱ्याच गाड्यांत निघते, आत एक स्क्रू असतो तो वायरच्या तांब्यात रुततो. वायरचं टोक हिरवं पडलेलं असलं तर पाच-सहा मिलिमीटर कापून टाका, वायर पुरेशी असली तर, आणि टोपी परत फिरवून बसवा. मल्टिमीटर असेल तर टोपीचा रेझिस्टन्स बघा, बहुतेक टोप्या पाच किलोओहमच्या असतात, मीटर काहीच दाखवत नसेल किंवा आकडा लाखांत जात असेल तर टोपी संपली. चीर डोळ्यांना दिसत नाही कधी कधी. मग रात्री, पूर्ण अंधारात, गाडी चालू ठेवून टोपीवर आणि वायरवर स्प्रेनं थोडं पाणी फवारा, हात लांब ठेवून. जिथं करंट गळतोय तिथं निळे किडे पळताना दिसतात. तात्यांची टोपी अशीच सापडली, गोठ्यातला दिवा बंद करून.

कॉइल आणि पिकअपचे ओहमचे आकडे गाडीगणिक वेगळे असतात, ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधनं घ्या, कुणाच्या व्हिडिओतनं नको.

वायरिंगमध्ये दोन जागा आधी बघायच्या. हँडलच्या मानेजवळ वायरी रोज पिळतात आणि आत तुटतात, हँडल एका बाजूला वळवलं की गाडी बंद पडत असेल तर बिघाड तिथंच. दुसरी जागा सीटखाली. ज्यांच्या गाड्या ऊसाच्या फडाजवळ, वैरणीच्या शेडात उभ्या असतात त्यांनी ही आधी बघा, उंदीर वायरी कुरतडतात आणि वरनं काही कळत नाही. किल स्विच आणि चावीच्या सेटमध्ये पावसाचं पाणी जातं, ते पण याच यादीतलं.

सीडीआयवर शंका आली तर विकत घ्यायच्या आधी त्याच मॉडेलच्या चालू गाडीचं लावून बघा. भावकीत एक तरी सारखी गाडी असतेच.

गरम झाली की बंद, थांबलं की चालू

वीस-पंचवीस किलोमीटर छान जाते, बंद पडते, रसवंतीवर पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू. कॉइलमधली किंवा पिकअपमधली तार तापली की फुगते, आत कुठं तुटकी असली तर जोड सुटतो, थंड झाली की परत चिकटतो. अशी कॉइल थंड असताना मीटरवर एकदम निरोगी दिसते, म्हणून तपासणी बंद पडल्याबरोबर, तिथंच रस्त्यावर झाली पाहिजे. म्हणून एक जास्तीचा प्लग आणि प्लग पाना डिकीत ठेवा.

पण थांबा, हुबेहूब असंच लक्षण आणखी एका गोष्टीचं असतं. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते मातीनं बुजलं की पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी बंद पडल्यावर आधी झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी चालू झाली, तर कॉइलचा काही संबंध नाही, सुईनं ते भोक साफ करा.

मग इथेनॉलचं काय?

आपल्याकडं हा विषय नाजूक आहे, कारण सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांतनं इथेनॉल निघतं आणि निम्म्या गावाचा ऊस तिकडं जातो. त्यामुळं एक बाजू म्हणते सगळं त्यानंच बिघडलं आणि दुसरी म्हणते काहीच होत नाही. दोन्ही पूर्ण बरोबर नाहीत.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोचलं. इथेनॉल जळताना काजळी कमी करतं, त्यामुळं काळा पडलेला प्लग दाखवून इथेनॉलला दोष देता येणार नाही. लिटरमागं त्यात ऊर्जा मात्र पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते, म्हणून मायलेज थोडं कमी होणं खरं आहे. आणि एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून जमवून घेतो. जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही, त्याचा जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते बारीक भोक, ठरलेला, त्यामुळं मिश्रणात हवा थोडी जास्त होते, आणि असं मिश्रण पेटवायला ठिणगी दमदार लागते. म्हणजे इथेनॉलनं प्लग खराब होत नाही, पण ज्या गाडीचं इग्निशन आधीच कसंबसं चाललं होतं तिचं दुखणं वर येतं. थंडीत पाचगणी-महाबळेश्वरला सकाळी कार्बोरेटरची गाडी जरा जास्त किका खाते, त्यात पण याचा वाटा आहे, इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून धरतं. थोडं पाणी त्यात विरघळून जळून जातं, पण जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतं, टाकीच्या तळाला, आणि कॉकचं तोंड तिथंच असतं. मग गाडी मिसिंग मारते, झटके देते, आणि सगळं अगदी प्लग गेल्यासारखं वाटतं. महिनोनमहिने उभी असलेली गाडी असेल तर तळातलं पेट्रोल पांढऱ्या बाटलीत काढून बघा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर बघणं आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालंय.

इरिडियमचा प्लग टाकला तर?

टिकतो जास्त, हे खरं. साध्या प्लगचं टोक निकेलचं, ते साधारण १४५५ डिग्रीला वितळतं, इरिडियम २४४६ ला, म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं आणि बारीक टोकावरनं ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचं मायलेज यानं पाच-दहानं वाढतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि फुटकी टोपी, अशक्त कॉइल असताना इरिडियम टाकला तर बिघाड झाकला जातो, आठ दिवसांऐवजी दोन महिने. इरिडियमला तारेच्या ब्रशनं घासायचं नाही, टोक मोडतं. साध्या प्लगला पण पॉलिश पेपर हा रस्त्यावर अडकल्यावरचाच उपाय समजा, त्याचे कण चिनी मातीच्या खाचेत अडकतात.

इंजेक्शनच्या गाडीवाल्यांनी

एप्रिल २०२० पासून बीएस६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला आणि बहुतेक गाड्या इंजेक्शनवर गेल्या. तिथं सीडीआयचं काम इसीयू म्हणजे गाडीचं कॉम्प्युटरच करतं. प्लग, टोपी, वायर, बॅटरी एवढं घरी बघता येतं, नियम तेच. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा एक-दोन सेकंद घूं आवाज येतो का ऐका. इंजिनचा पिवळा दिवा पेटून राहत असेल तर पुढं हात घालू नका, कपलर काढून-लावून अंदाज करण्यापेक्षा मशीन लावून कोड वाचलेला बरा. आणि ठिणगी बघताना सेल्फ मारला की इंजेक्टर प्रत्येक फेरीला पेट्रोल फवारतो, त्यामुळं भडक्याची भीती जास्त, वरची काळजी इथं दुप्पट घ्या.

पुरातनं निघालेली गाडी

२०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला परत पूर आला, आणि पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली लोक गाळ धुऊन गाड्यांना किका मारत होते. हे करू नका, हात जोडून सांगतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर सोडा, मग प्लग काढा, किक हातानं हळू दाबून पाणी बाहेर काढा, ऑइल बघा. चहासारखं दुधट झालं असेल तर बदला, चालू झाल्यावर थोड्या दिवसांनी परत एकदा बदला. सगळे कपलर उघडून सुकवा. त्यानंतर ठिणगीचं बघू.

प्लग बसवताना

पहिल्यांदा हातानंच फिरवायचा, पान्यानं नाही, आटे बरोबर धरले की तो सहज आत जातो, अडला तर काढून परत लावा. टेकला की नवीन प्लग पान्यानं साधारण अर्धा फेरा, वॉशर दबेपर्यंत. जुनाच परत लावत असाल तर टेकल्यावर अगदी थोडा, घड्याळाचा एक तास सरकेल एवढाच. पान्याला पाइप लावून आवळणारे बघितलेत मी, हेडचे आटे गेले की प्लगच्या किमतीच्या दहापट खर्च. पाना आपल्या छोट्या गाड्यांना बहुतेक १६ चा लागतो, जुन्या जाड प्लगला २१ चा. नवीन प्लगची गॅप पण फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघूनच लावा, खोक्यातनं येताना पडलेला असला तर दबलेली असते.

आणि काढलेला जुना प्लग दुकानात टाकून येऊ नका, कागदात गुंडाळून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. तात्यांचे तिन्ही प्लग ठेवले होते म्हणूनच दिसलं की तिघांचंही तोंड चांगलं फिकट तपकिरी होतं, आणि दोष दुसरीकडं शोधायचं सुचलं.